रोहिणीतला पावशा : जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा

शुक्रवार : बेळगाव ते जांबोटी

25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि 7-8 जूनला मृग. या मधल्या दिवसांत खानापूर तालुक्यात कुणाला उसंत नसते. आगोटीची कामं अंगावर आलेली असतात. कौलं चाळायची, सरपण आत घ्यायचं, गवताची गंजी झाकायची, फुटलेले बांध घालायचे. वळवाचा एखादा दणका बसून जमीन भिजली की कुरी, म्हणजे बी पेरायचं अवजार, बाहेर काढायची. इकडचं भात बरंचसं रोपं लावून नव्हे, कुरीनं पेरून घेतात, त्यामुळं मृगाच्या आधीच शिवार गजबजतं. आणि नेमका याच दिवसांत पावशा हा पक्षी ओरडत असतो. मला तो या गडबडीतच ऐकायचा होता, माणसं पेरायला निघालेली असताना.

दुपारच्या बसनं निघाले. पिरनवाडीला चोर्ल्याचा रस्ता धरला, किणये मागं टाकलं, कुसमळीला मलप्रभा ओलांडली. नदी अगदी बारीक झालेली. पुलाच्या पुढं झाडी दाट होत जाते आणि खिडकीतून येणारा वारा बदलतो. रस्त्याकडेला बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या होत्या. मामांचं गाव जांबोटीच्या अंगालाच. पोचले तेव्हा मामा माळ्यावरून कुरी उतरवत होते आणि मामी बियाणं पाखडत होती.

चहा होतोय तोवर मागच्या परड्यातल्या फणसावरून पहिली हाक आली. तीन सुरांची. दुसरी थोडी वर, तिसरी आणखी वर. असं पाच-सहा वेळा चढत चढत आवाज इतका टिपेला जातो की आता पुढं काय, असं वाटतं. आणि तिथंच तो तुटतो. क्षणभर शांतता, मग पुन्हा खालून सुरुवात.

“पेरते व्हा म्हणतोय बघ,” मामी सुपावरची नजर न काढता म्हणाली.

मी मामांना विचारलं, त्याच्या ओरडण्यावर तुम्ही पेरणी धरता का? मामा म्हणाले, “त्यो वरडायलाय म्हणून कोण पेरतंय गे? माती मुठीत घेऊन बघायची, वाफसा बघायचा, मग कुरी जुंपायची. त्यो नुसती आठवण करून देतोय. मार्चपासनंच वरडतोय त्यो. त्याचं ऐकून पेरलं असतं तर बी करपून गेलं असतं की.”

मला हे फार मोलाचं वाटलं. शहरात बसून आपण लिहितो की शेतकरी पावशाच्या हाकेवर विसंबून पेरणी करतात. विसंबून कुणी राहत नाही. नक्षत्रं, त्यांची पंचांगातली वाहनं, ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ यासारख्या म्हणी, मुंग्यांची अंडी, मृगाचे किडे, वाऱ्याची दिशा या सगळ्यांबरोबर पावशाचीही एक साक्ष घेतली जाते. निवाडा माणूसच करतो.

शनिवार : शिवारात

पहाटे साडेचारला जाग आली ती त्याच्याच आवाजानं. चांदणं होतं, आणि चांदण्या रात्री तो रात्रभर ओरडतो असं मामी म्हणाली. इंग्रजांना हाच आवाज डोक्यात भणभण करणाऱ्या तापासारखा वाटला आणि त्यांनी त्याला तापाचं नाव दिलं. हिंदी मुलखात तो पपीहा, ‘पी कहाँ’ म्हणून प्रियकराला शोधणारा. बंगालात ‘चोख गेलो’, डोळे गेले म्हणून आकांत करणारा. आमच्याकडं मात्र त्याच्या गळ्यात पेरणी आली. ज्याच्या घरी जे दुखतं किंवा जे अडतं, तेच त्यानं पाखराच्या तोंडी घातलेलं दिसतं.

उजाडल्यावर मामेभावाबरोबर ओढ्याकाठी गेले. ऐन, किंजळ, कुंभा, अधूनमधून हिरडा आणि बांधावर करवंदीची जाळी. पावशाचा आवाज सगळ्या शिवारात ऐकू येतो, पण पक्षी दिसायला जिकिरीचा. पानांच्या आत बसून ओरडतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळू देत नाही. बराच वेळ मान वर करून उभं राहिल्यावर एका ऐनाच्या आडव्या फांदीवर तो सापडला.

पारव्याएवढा, साधारण 34 सेंटिमीटर लांब. पाठ राखी, छातीवर फिकट तांबूस छटा, पोटावर आडव्या रेषा, शेपटीवर रुंद पट्टे, डोळ्याभोवती पिवळी कड. ओरडताना पंख थोडे खाली सोडलेले, गळा फुगलेला, आणि प्रत्येक चढत्या सुराबरोबर सबंध अंग हलत होतं. शेवटच्या सुराला चोच इतकी उघडायची की आतला रंग दिसावा. दुर्बिणीतून मी ते पोटभर पाहून घेतलं.

मागून आलेला शेजाऱ्यांचा पोरगा बेचकी सावरत म्हणाला, “ह्यो तर शिक्रा हाय!” चूक त्याची नाही. पावशाचं सगळं सोंगच शिक्र्याचं, त्या छोट्या शिकारी पक्ष्याचं आहे. रंग तोच, शेपटीवरचे पट्टे तसेच, उडणंही तसंच: भराभर पंख मारून मग तरंगत जायचं, झाडाजवळ आल्यावर एकदम वर चढून फांदीवर टेकायचं, टेकल्यावर शेपटी इकडून तिकडं हलवायची. लहान पाखरं त्याला बघून खरंच घाबरून कलकलाट करतात. फरक बघायचा तो चोचीत. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, याची सरळ आणि बारीक. पोरानं दुर्बिणीतून चोच बघितली आणि बेचकी खिशात घातली.

या सारखेपणाची गोष्ट फार जुनी आहे. ग्रीसमध्ये लोक म्हणायचे की ससाणाच ऋतू बदलला की कोकीळ होतो, कारण एक दिसू लागला की दुसरा दिसेनासा होतो. ॲरिस्टॉटलनं हा समज नोंदवला आणि दोघांचं डोकं व नखं वेगळी असल्याचं दाखवून खोडून काढला. आमच्या बेचकीवाल्याला चोच पटली. पावशा मात्र हिवाळ्यात कुठं दूर जात नाही. बहुतेक ठिकाणी तो तिथंच असतो, फक्त गप्प असतो, आणि गप्प पावशा कुणाच्या नजरेला येत नाही. 1797 साली मार्टिन वाल यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज तो *हायरोकॉक्सिक्स व्हेरियस* या नावानं ओळखला जातो.

ओरडणं थांबवून तो खाली झेपावला आणि केसाळ सुरवंट घेऊन परत आला. लगेच गिळला नाही. चोचीत धरून तो फांदीवर घासत, दाबत राहिला, सुरवंटाच्या पोटातला ऐवज बाहेर निघेपर्यंत. मग एका झटक्यात गिळला. ज्या सुरवंटांना हात लागला तरी अंगावर गांधी उठतात, ते याचं रोजचं जेवण. भाताच्या आणि झाडांच्या राखणीत याचा वाटा आहे, आणि त्याबद्दल एकाही म्हणीत त्याचं नाव नाही याचं मला वाईट वाटतं.

मग आले सातभाई.

करवंदीच्या जाळीतून आठ-दहाजण एकामागोमाग उड्या मारत बाहेर पडले, पाचोळा उलथत, आपापसांत सतत काहीतरी बोलत. मातकट रंगाचे, पिवळ्या चोचीचे, पांढरट डोळ्यांचे. बेळगावात कुणाच्याही परसात दिसतात म्हणून आपण त्यांच्याकडं बघतही नाही. आणि त्यांच्या मागून एक वेगळंच पोर. अंगानं त्यांच्याहून भरलेलं, छातीवर तपकिरी रेघोट्या, शेपटीवर पट्टे. पंख फडफडवत, किरकिरत ते एका सातभाईसमोर चोच उघडून बसलं. सातभाई वाकला, चोचीतला किडा त्याच्या घशात ठेवला आणि दुसरा शोधायला पळाला. तेवढ्यात थव्यातल्या दुसऱ्यानं येऊन आणखी काहीतरी भरवलं.

ते पावशाचं पोर होतं.

पावशा घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात एक अंडं घालून जाते. सातभाईंची अंडी निळी असतात, हिचंही निळंच. पिलू बहुधा आधी फुटतं आणि बरेचदा घरमालकाची अंडी बाहेर ढकलून देतं. नेहमीच असं होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासक टी. सी. जर्डन यांनी नोंदवलं होतं की पावशाची पिलं कधी कधी सातभाईंच्या स्वतःच्या पिलांसोबतच वाढताना दिसतात. पिलाचा आवाजही सातभाईंच्या पोरांसारखा किरकिरा असतो. उडायला लागल्यावरही जवळजवळ महिनाभर ते थव्याच्या मागं हिंडतं आणि सगळा थवा त्याला भरवतो, कारण सातभाईंमध्ये पोरं वाढवणं हे एकट्या आईबापांचं काम नसतं, नात्यातले सगळे हातभार लावतात.

पावशा उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी का ओरडतो, याचं उत्तर मला आभाळापेक्षा या जाळीत जास्त सापडतं. पाऊस जवळ आला की पालवी, पालवीवर सुरवंट, पाचोळ्यात किडे. पोरं पोसण्याइतकं अन्न मिळतं म्हणून सातभाई घरटी करतात. सातभाईंची घरटी असतात म्हणून पावशाचा विणीचा काळ येतो. नर आपली जागा आणि मादी यांच्यासाठी गळा काढतो. शेतकऱ्याची पेरणीही त्याच ओलाव्याला बांधलेली. दोघांचं वेळापत्रक एक आहे म्हणून हाक खरी ठरते. शेतकऱ्याच्या कानानं शेकडो वर्षं जे धरून ठेवलं, ते बरोबरच होतं.

संध्याकाळी मामीला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. “म्हणजे आमाला पेरा म्हणून सांगतोय आन् आपलं दुसऱ्याच्या घरट्यात टाकून मोकळा? आन् ते सातजण बिचारे राबायचे?” मग थोड्या वेळानं, “त्यांची गोष्ट कोण सांगत न्हाई बघ.”

रविवार : कणकुंबी आणि पारवाडकडं

मामेभावाच्या मोटरसायकलवरून कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. इथून निघालेलं पाणी पूर्वेकडं जात जात कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. पलीकडच्या डोंगरांतलं पाणी मात्र म्हादई होऊन गोव्यात उतरतं. एका रानाच्या दोन उतारांवरच्या पाण्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षं वाद चालला आहे, आणि कळसा नाल्यावरचं कालव्याचं खोदकाम रस्त्यावरूनही दिसतं. देवळात दर्शन घेतलं, कुंडापाशी थोडं बसलो.

देवळाबाहेर एका वयस्कर काकांनी आम्हांला गाठलं. गळ्यात दुर्बीण बघून त्यांनी विचारलं, “चातक शोधाय आलाय काय? सकाळधरनं वरडतोय की तो.” वरडत होता तो पावशा. ही गल्लत जवळपास सगळीकडं होते, कवितेतसुद्धा. चातक वेगळा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा डाग. उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या पुढं-मागं आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात. म्हणून ‘चातक आला, पाऊस आला’ या म्हणण्यात तथ्य आहे. तो फक्त पावसाचे थेंब पितो, जमिनीवरच्या पाण्याला तोंड लावत नाही, हे मात्र कवींचं.

काकांना मी गढवालातली गोष्ट सांगितली. तिथं पावसाची वाट बघणाऱ्या पक्ष्याची हाक ‘सरग दिदा, पाणी दे’ अशी ऐकतात. घरातल्या एका मुलीनं तहानलेल्या बैलाला पाणी न पाजताच त्याला दावणीला बांधलं, बैल तडफडून मेला, त्याच्या शापानं ती पक्षी झाली आणि आभाळाकडं पाणी मागत राहिली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या गोठ्यात अजून बैलजोडी आहे. “बेंदराला आमी बैलाला आधी खायला घालतो, मग आपण,” ते म्हणाले. “शाप बरोबर हाय.”

चातकाबद्दलची एक गोष्ट मी त्यांना शेवटी सांगितली, कारण ती मला सगळ्यांत जास्त छळते. चातकही घरटं बांधत नाही, आणि तोही बरेचदा सातभाईंच्याच घरट्यात अंडं घालतो. ज्या दोन पक्ष्यांवर आपण पावसाची सगळी भिस्त ठेवली, गाणी रचली, वाट बघितली, त्या दोघांचीही पोरं तेच मातकट सातभाई वाढवतात. पावसाची वर्दी देणारे हे दोघं जगतात ते बांधावरच्या करवंदीच्या जाळीत, कमरेएवढ्या उंचीवर, काट्यांच्या आत लपलेल्या एका ओबडधोबड वाटीत.

आणि म्हणूनच पारवाडच्या बाजूला जाताना एका ठिकाणी माझं मन विटलं. काजूच्या नव्या लागवडीसाठी बांध साफ केलेले, जाळ्या मुळासकट उपटून ढिगानं जाळलेल्या, तारेचं कुंपण. जागा नीटनेटकी दिसत होती. पण त्या पट्ट्यात एकही सातभाई नव्हता, आणि पावशाची हाक लांबून, पलीकडच्या टेकडीवरून येत होती. जाळी म्हणजे पडीक जागा, हा समज बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. करवंदाचं कुंपण गुरं अडवतं, माती धरतं, उन्हाळ्यात फळ देतं, आणि वर ही सगळी पाखरं. तारेला यातलं एकही जमत नाही.

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि परतीच्या वाटेवर वळवानं झोडपलं. एका शेडखाली तासभर अडकलो. पाऊस थांबायच्या आधीच पावशानं सूर लावला.

सोमवार : हेम्माडगा

पहाटे खानापूर, तिथून हेम्माडग्याची वाट. हा रस्ता पुढं अनमोडकडं जातो. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. ती न घेता रानात घुसू नये. बारापेडे गुहांमधल्या रॉटन्स या दुर्मिळ वटवाघळामुळं हे रान अभ्यासकांना ठाऊक आहे. पाऊस इतका की पलीकडच्या अमगावचं नाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत घेतात.

रस्त्यावरूनच ऐकत गेलो. खानापूर सोडल्यावर मोकळ्या झाडीत, शेतांच्या कडेनं पावशा सतत सोबत होता. रान दाट आणि सदाहरित होत गेलं तसा तो विरळ झाला आणि त्याची जागा एका चार सुरांच्या हाकेनं घेतली: भारतीय कोकीळ. कुमाऊँत याच हाकेत ‘काफल पाको’ ऐकतात, बंगालात ‘बऊ कथा कओ’. पावशाला उघडं, पानगळीचं रान, माळाकाठची झाडी आणि परसबागा आवडतात. म्हणजे जिथं माणूस आणि सातभाई राहतात तिथंच तो. घनदाट रानाची त्याला ओढ नाही. कदाचित त्यामुळंच त्याच्या हाकेत शेतीची गोष्ट शिरली. तो शेताच्या बांधावरचाच पक्षी आहे.

हेम्माडग्याला एका घरी नाचणीची भाकरी, फणसाची भाजी आणि कढी जेवलो. घरच्या आजींना पावशाबद्दल विचारलं. त्यांनी खालच्या शेताकडं बोट दाखवलं. “तिथपातूर येतंय. वर रानात येत न्हाई. त्येला शेत लागतंय.” दुर्बीण नाही, पुस्तक नाही, आणि पक्ष्याच्या अधिवासाबद्दल याहून नेमकं वाक्य मला कुणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं.

संध्याकाळच्या बसनं बेळगाव गाठलं. ज्यांना पावशा ऐकायचा आहे त्यांनी मार्च ते ऑगस्टमध्ये कधीही जांबोटीच्या वाटेवर उतरावं. एवढ्या लांब नको असेल तर पहाटे येळ्ळूरच्या शिवारात, राजहंसगडाच्या पायथ्याशी फिरावं. हाक ऐकली की वर बघण्याआधी खाली बघा. जवळच्या झुडपात सातभाई आहेत का, त्यांच्या थव्यात एखादं रेघोट्यांचं, थोराड पोर मागं मागं फिरतंय का, ते पाहा. पाहताना लांब राहा, घरट्याच्या जाळीत हात घालू नका. माणसाचा वावर वाढला की सातभाई घरटं टाकून जातात.

मामांचा परवा फोन आला. पेरणी उरकली, उगवण चांगली आहे. बांधाची करवंदी यंदा तोडायची होती ती मामीनं तोडू दिली नाही.